अकरा महिन्यांचे घर

कागदावर आम्ही भाडेकरू नाहीच. ठाण्याला दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर टंकलेखनाची यंत्रे घेऊन बसणाऱ्यांपैकी एकाने हे आम्हाला पहिल्या कराराच्या वेळी समजावून सांगितले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. मुंबई-ठाण्याच्या टॉवरमधून आज जी माणसे दुसऱ्याच्या घरात राहतात, त्यांतली बहुतेक 'लीव्ह अँड लायसन्स' करारावर राहतात. म्हणजे मालकाने घर भाड्याने दिलेले नसते, आत राहण्याचा परवाना दिलेला असतो. परवाना संपला की निघायचे. न निघाल्यास चोविसाव्या कलमाप्रमाणे दुप्पट रक्कम मोजायची. आमच्या अब्बांच्या पिढीतले काही भाडेकरू मालकाला तीस-तीस वर्षे कोर्टात फिरवीत, त्यावरचा हा उतारा आहे आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. शब्द मात्र डोक्यात राहिला. परवाना बंदुकीचा असतो, दारूच्या दुकानाचा असतो. आमचा झोपण्याचा आणि भाकरी थापण्याचा होता.

अकरा महिनेच का, हेही त्याच गृहस्थाने सांगितले. एका वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते, म्हणून जुन्या काळी वकिलांनी बारावा महिना गाळला. नव्या कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाने मुदत कितीही असली तरी नोंदणी सक्तीची केली. ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी अकराचे बारा काही झाले नाहीत. वाचकांपैकी जे भाड्याने राहत असतील त्यांनी हे कलम ध्यानात ठेवावे. नोंदलेला करार नसेल आणि वाद उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना हे माहीत नाही आणि मालक ते सांगायला जात नाहीत.

२००७ पासून आम्ही अशी सहा घरे केली. सहाही टॉवरमध्ये, सातव्या मजल्याच्या खाली एकही नाही.

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगायला हवे. आमच्यापैकी एकाचे घर मिरजेचे, मीरासाहेबांच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या गल्लीतले. घरात दखनी बोलणारे. दुसरीचे माहेर म्हसळ्याचे, कोकणी बोलणारे. लग्नानंतर पहिले वर्ष एकमेकांच्या बोलीला हसण्यात गेले आणि मग घरची भाषा आपोआप मराठी झाली. मुले मराठी शाळेत गेली. अम्मी मात्र शेवटपर्यंत दखनीतच बोलल्या. आमचे आडनाव वतनातून आलेले आहे. पाटील, देशमुख, देसाई, इनामदार ही आडनावे जशी हिंदूंत आहेत तशी आपल्यातही आहेत, त्याच जातीतले. टेलिफोनवर या आडनावाचा काय गोंधळ होतो, तो आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको.

एजंट आडनाव ऐकून खूश होत. घोडबंदर रोडला तेव्हा टॉवरमागून टॉवर उठत होते आणि मराठी माणूस घर बघतो आहे याचे एखाद्या मराठी एजंटाला अप्रूप वाटे. "साहेब, तुमची भाषा किती छान आहे, कोल्हापूर साइड का?" आम्ही म्हणायचो, मिरज. मग वेळ ठरायची, किल्ली कुणाकडे आहे ते ठरायचे. शेवटी "पूर्ण नाव सांगा, वॉचमनला सांगून ठेवतो" असे व्हायचे. पूर्ण नाव सांगितले की दुसऱ्या टोकाला थोडा वेळ काहीच ऐकू येत नसे. नंतर कळायचे की मालकाचा भाचा अमेरिकेहून येणार आहे. त्या मे महिन्यात घोडबंदर रोडच्या घरमालकांचे किती भाचे अमेरिकेहून आले, याची आम्ही घरात थट्टा करीत असू. काही एजंट सरळ सांगत, "सोसायटीत चालत नाही." त्यांचा आम्हाला राग येत नसे, एक फेरी वाचे. कागदावर नकार कुणीही देत नाही. दाद कुठे मागायची म्हटले तर हातात काय आहे? सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा उपविधी ग्राह्य धरला होता. आमच्या वाट्याला आलेल्या सोसायट्यांना तर तशा उपविधीचीही गरज पडली नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल संसदेपुढे आला. मुसलमानांना वस्तीबाहेर घर भाड्याने मिळायला त्रास होतो, ही गोष्ट त्यात नोंदवलेली होती. ते वाचून एवढेच वाटले की अमेरिकेच्या भाच्यांची गोष्ट आता दिल्लीपर्यंत पोचली.

घर मिळाले ते एका मालकाच्या भलेपणामुळे. गृहस्थ पुण्याला राहत. नाव ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "भाडं पाच तारखेला देता येईल ना?" जून २००७. बावीस मजल्यांची इमारत, आमचा चौदावा. लिफ्टमध्ये १३ चे बटणच नव्हते, १२ नंतर एकदम १४. म्हणजे आम्ही तेराव्यावरच राहत होतो, फक्त बिल्डरने ते कळू दिले नव्हते.

पश्चिमेच्या खिडकीतून येऊरचे डोंगर दिसत. पाऊस आधी डोंगरावर उभा राहिलेला दिसे आणि मग आमच्याकडे येई. कपडे काढायला पाच मिनिटे मिळत. अम्मींना या गोष्टीचे कौतुक होते. बाकी टॉवर त्यांना कधी पटला नाही. मिरजेच्या घराला ओटा होता. तिथे बसले की दिवसातून चाळीस माणसे सलाम करून जात. इथे दार उघडले की समोर दुसरे बंद दार. "इत्ते ऊपर आके बी पडोसी का मूं नै दिखता," असे म्हणत त्या खुर्ची लिफ्टसमोरच्या जागेत नेऊन बसत. लिफ्ट थांबली की आत कोण आहे ते बघत. आठवड्याभरात सूचना आली: भाडोत्र्यांनी सामायिक जागेत खुर्च्या मांडू नयेत.

'भाडोत्री' हा शब्द आम्ही तोवर भाडोत्री गुंड, भाडोत्री सैन्य यांच्यासाठीच ऐकला होता. त्या फळ्यावर तो रोज दिसे. भाडोत्र्यांनी सामान नेण्या-आणण्यासाठी सर्व्हिस लिफ्ट वापरावी. भाडोत्र्यांच्या मुलांनी क्लब हाऊसमध्ये मालकाच्या पत्राशिवाय येऊ नये. भाडोत्र्यांनी सर्वसाधारण सभेस बसू नये. यातल्या शेवटच्या गोष्टीत कायदा त्यांच्या बाजूने आहे, सभासद मालकच असतो. पण पाण्याची टाकी फुटली तेव्हा बादल्या घेऊन उभ्या राहिलेल्या रांगेत मालक किती आणि भाडोत्री किती, हे कुणी मोजले नाही. शिवाय आमच्यासारख्यांमुळे सोसायटीला पैसे जास्त मिळतात. मालक स्वतः राहत नसेल तर त्याला बिनवापर शुल्क द्यावे लागते. सोसायट्या त्यात वाटेल तसे आकारीत, म्हणून सरकारने १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर बांधून टाकले. आमच्या सोसायटीत तो आदेश पोचला नव्हता, किंवा पोचून कपाटात गेला होता. मालकाने त्याची प्रत दाखवली, तेव्हा बिल कमी झाले आणि सेक्रेटरींचे आमच्याशी बोलणेही.

यावरून तिथे सगळे वाईट होते असे समजू नये. समोरच्या बंद दारामागे एक काका-काकू राहत, मुलगा परदेशी. पहिल्या रमजानमध्ये वॉचमनने वर तक्रार केली की १४०३ मध्ये पहाटे साडेतीनला दिवा लागतो, भांड्यांचा आवाज येतो. काकूंनी त्याला दारात उभे करून सुनावले की माझाही दिवा तेव्हाच लागतो, गुडघे झोपू देत नाहीत, माझीही तक्रार लिही. त्यानंतर सहरीच्या वेळी त्या कधी कधी दार किलकिले करून "झालं का रे जेवण? चारच मिनिटं राहिली" असे सांगत. वेळापत्रक त्यांनी आमच्याकडूनच मागून घेऊन फ्रिजवर लावले होते. दुसऱ्या वर्षी, सप्टेंबर २००८ मध्ये, एका पहाटे बेल वाजली. काकांच्या छातीत कळ आली होती. अख्ख्या मजल्यावर फक्त आमचा दिवा चालू होता, म्हणून काकू आमच्याकडे आल्या. रात्री एकच लिफ्ट चालू ठेवीत, तीही तळघरात उभी. काकांना खुर्चीत बसवून खाली आणले, आमच्याच गाडीतून इस्पितळात नेले. त्या दिवशीची सहरी राहिली ती राहिलीच. अम्मींनी पाण्याच्या घोटावर रोजा धरला. काका वाचले.

त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला मुंबईत जे झाले ते झाले. आमचा करार मार्च २००९ ला संपत होता. फेब्रुवारीत मालकाचा फोन आला. आवाज पडलेला. "कमिटी म्हणते, यापुढे भाडेकरू आधी आम्ही बघू. मी भांडलो, पण मला रोज ठाण्याला येणं होत नाही हो." काकांनी कमिटीला दोन पानी पत्र लिहिले, स्वतःच्या सहीने. त्याची झेरॉक्स आमच्या फायलीत आहे. त्या पत्रावर सभेत चर्चा झाली, पत्र नोंदवून घेतले आणि ठराव होता तसाच पास झाला. भाडेकरू ठेवताना सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवून करार आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत दिली की पुरे, असे २०१४ च्या आदर्श उपविधींत पुढे छापले गेले. तोवर आम्ही त्या घरातून केव्हाच निघालो होतो.

मग मुंब्रा. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून उठलेल्या माणसांनी हे गाव भरत गेले आणि नंतर आमच्यासारखे भाच्यांनी उठवलेलेही येत राहिले. इथे एजंटाने नाव विचारले नाही. विचारले ते, "हेवी डिपॉझिट के रेंट?" ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मालकाला एकदम मोठी रक्कम द्यायची, आम्ही तीन लाख दिले, आणि घरात बिनभाड्याने राहायचे. जाताना रक्कम परत. मालकाला बिनव्याजी भांडवल मिळते, भाडेकरूचे महिन्याचे भाडे वाचते. काही उलेमा याला गहाणाचा प्रकार मानतात आणि गहाण ठेवलेल्या वस्तूचा फायदा घेणे म्हणजे सूदच, असे सांगतात. मशिदीखालच्या चहाच्या दुकानात या विषयावर आम्ही पुष्कळ बहस ऐकली. बहस करणारे सगळे हेवी डिपॉझिटवरच राहत होते. आम्हाला काळजी होती ती वेगळी. मालकाने ते तीन लाख दुसऱ्या बांधकामात घातले, तर ते परत कुठून येणार? पुढच्या भाडेकरूकडून. म्हणजे पुढचा भाडेकरू मिळेपर्यंत आपण अडकलो. नंतर नेमके तेच झाले. आमचे पैसे परत मिळायला आठ महिने लागले आणि ते मिळेपर्यंत घर न सोडणे हाच एक उपाय होता.

सोळा मजल्यांची इमारत, आमचा अकरावा. खिडकीतून पारसिकचा डोंगर आणि खाली रेल्वेचे रूळ. पाणी टँकरचे. लिफ्ट एकच, चार माणसांची, ती महिन्यातून आठ दिवस बंद. भोगवटा प्रमाणपत्र नव्हते. पण दारे उघडी होती. अम्मींची खुर्ची पहिल्याच दिवशी बाहेर गेली आणि दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी आणखी दोन खुर्च्या आल्या. अजान ऐकू येई, सहरीला खालून कुणीतरी हाका मारीत जाई, सगळ्या इमारतीत दिवे असत. काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत याचे सुख किती मोठे असते, ते आम्हाला तिथे कळले.

सांगावी लागली ती मराठी. "आप लोग घर में मराठी क्यों बोलते हैं?" हा प्रश्न मुलीला मदरशातही आला आणि जिन्यातही. पेपरवाल्याने मराठी पेपर टाकायला नकार दिला. आमच्या विंगमध्ये दुसरा एकही जात नव्हता, एका प्रतीसाठी अकरा मजले कोण चढणार? शेवटी तो खाली किराणा दुकानात ठेवू लागला. ठाण्यात आमची मराठी ऐकून लोक फसत आणि मग आम्ही मुसलमान निघायचो. इथे नाव ऐकून निश्चिंत होत आणि मग आम्ही मराठी निघायचो. विंगमध्ये आमचे नाव पडले 'ग्यारहवें माले के मराठीवाले'. थोड्याच दिवसांत त्या नावाला भाव आला. महापालिकेची नोटीस मराठीत, पोलीस चौकीचा अर्ज मराठीत, शाळेचा दाखला मराठीत. जौनपूरचे, आझमगढचे शेजारी कागद घेऊन दारात उभे राहत. "भाईजान, जरा पढ़ के बताओ, क्या लिखा है." संध्याकाळी सहा ते सात आमच्या घराची जणू चावडी होई. अम्मी सगळ्यांना चहा देत आणि मिरजेच्या ओट्यावर बसल्यासारख्या खूश असत.

४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली सात मजली बेकायदा इमारत कोसळली. बांधकाम पुरे होण्याआधीच खालच्या मजल्यांवर माणसे राहायला आली होती. ७४ जण गेले. त्या आठवड्यात आमच्या दारात जी रांग लागली ती वेगळीच होती. मालकांनी खरेदीखते आणली, भाडेकरूंनी करार आणले, सगळ्यांचा एकच प्रश्न: आपल्या बिल्डिंगचा कागद आहे का? वाचून वाचून आमचे डोळे दुखले. हवा होता तो कागद कुणाच्याच पिशवीत नव्हता. भाडेकरूंना आम्ही काय सांगणार? मालकाचे घर गेले तर त्याला निदान भांडण्यापुरता हक्क असतो. आमच्याकडे परवाना होता, तोही हेवी डिपॉझिटवाल्यांपैकी अनेकांचा नोंदलेला नाही.

अम्मी हे पाहायला नव्हत्या. त्या जानेवारी २०१२ मध्ये गेल्या. रात्री अडीचला. लिफ्ट बंद होती, आणि चालू असती तरी उपयोग नव्हता. चार माणसे उभी राहतील एवढ्या डब्यात माणूस आडवा मावत नाही. गुस्ल घरातच झाले. मशिदीतून जनाज्याची खाट आली, ती जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडली. तिरपी केल्याशिवाय वळेना आणि तिरपी करायला कुणाचे मन होईना. खालच्या मजल्यावरचे एक बुजुर्ग म्हणाले, खाट खाली ठेवा, यांना चादरीत आणा, घरच्या लोकांनीच. आम्ही, मिरजेहून पहाटे पोचलेले दोन भाऊ आणि एक पुतण्या, असे चौघांनी अम्मींना चादरीत धरून अकरा मजले उतरवले. जिन्यात दिवा नव्हता. प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी टॉर्च घेऊन उभे होते. एकाचा उजेड संपला की दुसऱ्याचा सुरू होई. दारे अर्धी उघडी, आत बायका. कलम्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हते. पाचव्या मजल्यावर हात भरून आले म्हणून थांबलो, तेव्हा एका घरातून बसायला खुर्ची आणली गेली. ती अम्मींचीच होती. लिफ्ट बंद असली की त्या पाचव्यावर विसावा घेत, म्हणून त्यांनी आपली एक खुर्ची तिथे ठेवून दिली होती. आम्हाला ते माहीत नव्हते.

कब्रस्तानातून दाखल्याचा फॉर्म आला. त्यात दोन रकाने होते: मृत्यूसमयीचा पत्ता आणि कायमचा पत्ता. दुसऱ्यात आम्ही मिरज लिहिले. मिरजेचे घर तोवर भावांच्या वाटणीत विकले गेले होते.

त्यानंतरच्या घरांबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. कळवा, मग कल्याण-शीळ रस्त्यावरची दोन, आता डोंबिवलीच्या बाजूला पंधरावा मजला. नोंदणी आता संगणकावर होते, अंगठा घ्यायला माणूस घरी येतो. फाटकावरच्या मोबाइलच्या यादीत आमच्या नावापुढे इंग्रजीत 'टेनंट' असे येते. भाडोत्रीपेक्षा बरे वाटते, अर्थ तोच. मतदार यादीत नाव मात्र नेहमी एक घर मागे असते. निवडणूक आली की आम्ही आधीच्या घराच्या शाळेत जाऊन मत देतो आणि त्या निमित्ताने जुन्या शेजाऱ्यांना भेटून येतो.

मुलगी गेल्या वर्षी पुण्याला नोकरीला लागली. वाकडला घर शोधताना तिने स्वतःची पद्धत काढली. एजंटाने फोन उचलला की पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव, मग बाकीचे. "तुमच्यासारखं आडनावापासून सुरुवात केली की दहा मिनिटं फुकट जातात," असे ती म्हणते. अकरा फोन केले. चौघांनी "कळवतो" म्हटले, तिघांनी फोन ठेवला. त्या चौघांचे कळवणे अजून यायचे आहे. एकाने विचारले, "मॅडम, नॉनव्हेज बनवता का?" ती म्हणाली, "बनवते, बोलवू का?" तो हसला आणि त्यानेच घर दाखवले. एकोणिसावा मजला, चोवीसपैकी.

आम्ही दोघे घर बघायला गेलो. एजंट पोरगा उत्साहाने जिम दाखवत होता, पोहण्याचा तलाव दाखवत होता, गच्चीवरची बाग दाखवत होता. मुलगी नेटवर्क येते का ते पाहत फिरत होती. आम्ही विचारले, "लिफ्ट किती आहेत?" तीन, तो म्हणाला, त्यांतली एक मोठी. आम्ही त्या मोठ्या लिफ्टमध्ये शिरलो आणि मागच्या भिंतीपासून दारापर्यंत पावले टाकून पाहिली. "स्ट्रेचर जातं ना हिच्यात?" पोरगा जरा गोंधळला. "जातं ना काका. पण ताई तर एकट्याच राहणार ना?"

आम्ही हो म्हटले आणि डिपॉझिटचे विचारले.